मलरची साक्ष

शनिवारी सकाळी यशोधरा मार्कहॅम शहरातल्या आपल्या घरात भाकरीचं पीठ मळत होती. तिचा नवरा भगवान बेसमेंटमधून वर आला आणि म्हणाला, "मलरबाईंना तूच सांग. बाईनं बाईला सांगितलेलं बरं."

मलर म्हणजे त्यांची होणारी विहीण. तिच्या मुलीशी त्यांच्या मुलाचं, हर्षवर्धनचं लग्न ठरलं होतं. मलर तमिळ. तिच्या देशातल्या युद्धाच्या अखेरीस सैनिकांनी तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला छावणीतून उचलून नेलं होतं. मलर परत आली, बहीण आली नाही. तिकडचं सरकार म्हणे, असं काही घडलंच नाही, अशी कुणी बाई नव्हतीच. त्या सरकारला जाब विचारला जावा म्हणून ओटावात जाहीर सुनावणी होती, आणि मलर तिथं स्वतःच्या नावानिशी बोलणार होती.

"मग बोलू दे ना," यशोधरा म्हणाली.

"मी कुठं नाही म्हणतो? लगन होऊ दे, मंग बोलू दे. नागपूरहून सारे येऊन राहिले. व्हिडिओ फिरला तर पोरीकडं लोक कसे पाहतील?"

दर एप्रिलला जयंतीच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये हाच माणूस न्यायावर भाषण करायचा. यशोधराच्या ते मनात आलं, पण ती गेली.

मलरच्या घरी भर दुपारी सगळे दिवे चालू होते. बाहेरून रस्त्यावरचा बर्फ सारणारा स्नोप्लाउ घरघरत गेला तशी ती बोलता बोलता थांबली. आवाज पार विरेपर्यंत तिनं टेबलाची कड सोडली नाही.

"मीच बहिणीला म्हटलं होतं, ओरडू नकोस," ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. "गप्प राहिलो तर सोडतील. ती गप्प राहिली. अजून स्वप्नात येते ती तोंडावर हात ठेवूनच." तिनं यशोधराकडं पाहिलं. "तुम्हीही तेच सांगायला आलात का?"

"हो," यशोधरा म्हणाली. "त्यासाठीच आले होते. आता नाही सांगणार."

घरी येऊन तिनं भगवानला सांगितलं, "मी तिच्यासोबत ओटावाला चालले."

"अन् लगन?"

सोफ्यावरून हर्षवर्धन म्हणाला, "बाबा, इट्स माय वेडिंग. शी शुड स्पीक."

भगवान उठून बेसमेंटमध्ये गेला. त्या दिवशी तो नीट जेवलाही नाही. पण ओटावाला निघायच्या सकाळी गाडीवरचा बर्फ झाडून तोच ड्रायव्हिंग सीटवर बसला.

सुनावणीत मलरचा आवाज दोनदा गेला. यशोधरा शेजारी बसून होती. शेवटी मलर म्हणाली, "माझ्या बहिणीचं नाव कलैवाणी. ती शाळेत शिकवायची."

संध्याकाळी तिकडच्या सरकारचं एका ओळीचं उत्तर आलं: कलैवाणी नावाच्या महिलेबाबतचे आरोप निराधार आहेत.

भगवाननं ते वाचून दाखवलं आणि मान खाली घातली. मलरनं त्याचा फोन मागून घेतला, ती ओळ स्वतः वाचली.

"इतकी वर्षं ते म्हणत होते, अशी कुणी नव्हतीच," ती म्हणाली. "आज त्यांना तिचं नाव लिहावं लागलं."