सासूबाईंची वाट

या, असे जवळ सरकून बसा. बसलात नीट? मग एक गोष्ट सांगते. आहे डांबराची, पण ऐकाल तर आत गारवा वाटेल.

आमच्या सासूबाईंची नजर जाऊन तीन वर्षं झाली. तरी रोज सकाळी त्या एकट्या दारापासून फाटकापर्यंत जायच्या, तिथल्या बाकावर शेजारच्या काकूंशी गप्पा मारायच्या नि एकट्याच परतायच्या. कुणी हात धरलाच तर, "डोळे गेलेत माझे, पाय नाहीत!"

घरापुढची डांबरी वाट पार उखडली होती. आई पडेल, या धास्तीनं ह्यांनी डांबरवाले बोलावले. जुना थर खरवडला, नव्याचा एक पट्टा दाबून झाला, दुसरा नुसता पसरला होता, वाफा निघत होत्या. तेवढ्यात सासूबाई उंबऱ्यात आल्या.

"बाळ्या, थोरला खड्डा बुजवलास का रे?"

"सगळेच बुजवले, आई. आरसा झालाय आरसा!"

"मग मी वळू कुठं?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. थोरल्या खड्ड्याशी डावीकडे वळायचं, पुढे भेग धरून जायचं, खडी टोचली की थांबायचं, कारण पलीकडे ट्रकांचा रस्ता. खड्डे मोजतच ती माउली चालत होती! आंधळ्याची काठी आम्हीच काढून घेतली, तीही मायेपोटी.

"चालव रे, माल थंड होतोय!" मुकादम ओरडला. रोलरवाला मात्र खाली उतरला.

"आजी, दोन पट्ट्यांमधला सांधा पायाला लागला तर चालेल? दाबत नाही मी तो. बोटभर उंच ठेवतो, थेट फाटकापर्यंत. शेवटी एक आडवा."

"वेड लागलं का तुला?" मुकादम म्हणाला. "नवशिक्याचं काम म्हणतील लोक!"

"म्हणू देत. तीस वर्षं सांधे लपवले. एक दिसला तर आभाळ नाही कोसळणार."

ह्यांनी आईकडे पाहिलं. त्या चौकट धरून, एक पाय उंबऱ्याबाहेर काढून चाचपत होत्या. "ठेवा," एवढंच बोलले.

मग त्या माणसानं सबंध सांधा ओणवं होऊन, धुम्मसानं हलके ठोकत पक्का केला. डांबर गरम होतं तोवर पाठ वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई निघाल्या. वळणापर्यंत ठीक. तिथे पाय सांध्यावरून सुटला. एक पाऊल उजवीकडे, मग दुसरं. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. हे धावणार, तोच मी ह्यांची बाही घट्ट धरली. काय केलं मी, देवा! हात काही सोडवेना.

सासूबाई थांबल्या. चपलेचं टोक इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. टेकलं. पुन्हा पावलं पडू लागली, आडव्या सांध्याशी थबकली नि बाकाकडे वळली.

"काय गं," काकूंना म्हणाल्या, "दोन दिवस माझ्यावाचून करमलं ना तुला?"

हे पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

तर मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या रोलरवाल्यालाही आठवा. माणूस अजून उन्हात राबतो आहे.