पावाची आंघोळ

माझ्या धाकट्या दिराला एक खोड आहे. स्वतःच्या ताटातली माशी दुसऱ्याच्या ताटात उडवायची आणि वर त्यालाच विचारायचं, "अहो, तुमच्या ताटात माशी कशी?" लहानपणापासून तसाच. तेव्हा कान पिरगाळायला सासूबाई होत्या. आता तो बेकरीचा आणि तिच्या मागच्या पिठाच्या गिरणीचा मालक झालाय आणि त्याचा कान धरायला मी एकटी उरलेय.

आमचे हे शिंपी. सगळा जन्म पायमशीनवर गेला. मग साखरेचं दुखणं निघालं, आणि पायाच्या अंगठ्याला बारीकशी जखम झाली ती भरेचना. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं, "आजी, चाळलेलं पीठ बंद. धान्य कोंड्यासकट पोटात जाऊ दे, डाळी, भाज्या भरपूर. पांढऱ्या पिठाची पोटात लगेच साखर होते. कोंडा असला की ती सावकाश होते."

मी दोन इयत्ता शिकलेली, पण एवढं मला कळतं. कोंडा म्हणजे दारावरचा रखवालदार. एकेकाला आत सोडणार. त्याला हाकललं की सगळी झुंड एकदम घरात.

ते ऐकून दीर छाती फुगवून म्हणाला, "वहिनी, घरची बेकरी असताना बाहेर कशाला बघता? दादासाठी कोंड्याचा पाव मी भाजतो!" आणि भाजायला लागला. छान तपकिरी, वरून कोंडा भुरभुरलेला. दुकानातही पाटी लावली, साखरवाल्यांसाठी खास पाव. सकाळी फिरायला निघाला की आमचा पाव दारात ठेवून जायचा, हाक मारायचा, "दादा, तुझं औषध आलं रे!"

ह्यांनी तो पाव नेमानं खाल्ला. सोबत उकडलेली भाजी. गोडाकडे मान वळवून पाहिलं नाही. तरी रक्त तपासलं की साखर चढलेलीच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, "आजोबा, खरं सांगा. चोरून काय खाता?"

मी म्हटलं, "बाई, गिऱ्हाइकाच्या कापडाची उरलेली चिंधीसुद्धा हा माणूस घडी घालून परत देतो. हा चोरून खाईल?"

त्या एवढंच म्हणाल्या, साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. ह्यांनी घरी येऊन मशीनवर कापड झाकलं. अंगठा गेला तर पाय मशीनवर चालेल कसा, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मी त्यांना सांगितलं नाही.

त्यातच दिराच्या लेकीचं लग्न आलं. जेवणात कुणाचं तरी पोर रडत होतं, म्हणून ह्यांनी मिठाईची ताटली उचलून त्याच्याकडे न्यायला घेतली. दिरानं भर मांडवात मनगट धरलं. "सापडला! बघा हो, चोर सापडला! माझा पाव खातो, वर चोरून मिठाई खातो, आणि मग म्हणतो साखर उतरत नाही!"

सगळे हसले. ह्यांनी ताटली खाली ठेवली, हात धुतले आणि उपाशी घरी आले. त्यानंतर चारचौघांत ते कधी जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मी हे बघत होते. विसरत नव्हते.

मग एकदा ह्यांना ताप आला. गिळवेना, म्हणून तो पाव मी कोमट पाण्यात भिजवला. वळून बघते तर काय, पाणी चहासारखं लाल आणि पाव पांढराफटक! बोटांत चोळला. कोंडा बोटाला लागतो हो, टोचतो. इथं वरची चिमूट सोडली तर नुसती खळ, कापडाला लावतात तशी. पाणी चाखलं. कडवट गोड. जळक्या साखरेची चव काय मला कळत नाही?

तशीच उठले आणि बेकरीच्या मागच्या दारी गेले. धाकटी जाऊ काळीठिक्कर कढई घासत बसलेली. भोळी बिचारी. म्हणाली, "बघा ना जाऊबाई, रोज साखर जाळून जाळून कढईची काय दशा झाली! ह्यांना पावाला रंग हवा असतो." पलीकडे गिरणीच्या दारात कोंबड्या पाळणारा कोंड्याची पोती गाडीत चढवत होता. म्हणजे कोंडा कोंबड्यांच्या पोटात, मैदा आणि जाळलेली साखर माझ्या नवऱ्याच्या पोटात. आणि चोर कोण, तर आमचे हे!

जावेला म्हटलं, "राख आणि चिंच लाव, निघेल." आणि घरी आले. काही राग चाळलेल्या पिठासारखे असतात, भसकन भडकतात आणि विझतात. माझा कोंड्यासकट होता.

सुट्टीच्या सकाळी बेकरीसमोर गर्दी मावत नाही. लग्नात हसलेली निम्मी माणसं तिथंच पिशव्या घेऊन उभी असतात. मी काचेची बरणी घेतली, पाण्यानं भरली आणि दुकानाच्या बाकावर जाऊन बसले. खास पाव मागितला. तोडला आणि एकेक तुकडा बरणीत सोडू लागले.

माणसं वळली. पाणी लाल होत गेलं, पाव पांढरा होत गेला. निवृत्त मास्तरीणबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई! हा तर मीही खाते की!"

"खा हो, खा," मी म्हटलं. "मैदा आहे, साखरेनं रंगवलेला. साखर वाढायला उत्तम."

दीर पीठभरल्या हातांनी धावत बाहेर आला. "वहिनी, हा काय तमाशा?"

"तमाशा कुठला, भावोजी? तुमच्या पावाला आंघोळ घालतेय. मळ फार निघतोय."

गर्दीतलं कुणीतरी फिस्कन हसलं. तो बरणीला हात घालायला गेला, मी ती मांडीवर घेतली. मग आवाज खाली आला. "वहिनी, नुसत्या कोंड्याचा पाव टणक होतो, लोक नाक मुरडतात. मी म्हटलं दादाला तरी मऊ... घरातली गोष्ट घरात बोलू. उद्यापासून खरा भाजून आणतो, तुमची शप्पथ!"

"माझी शप्पथ घेऊ नका, मला अजून जगायचंय. आणि घरातली गोष्ट? भर मांडवात भावाचं मनगट धरलंत तेव्हा घर कुठं गेलं होतं? तुमच्या आईनं कोंड्याचा मांडा करून तुम्हा दोघांना वाढवलं. तुम्ही त्याच भावाचा कोंडा कोंबड्यांना विकलात आणि त्याला चोर म्हणालात."

मी उठले, लाल पाण्याची बरणी त्याच्या गल्ल्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, आणि त्याला माझा निवाडा ऐकवला.

"भावोजी, तुमच्या हातचा पाव आता माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मी भाजीन. पण कोंडा तुमच्या गिरणीचा, आणि आणायचा तुम्ही. मागच्या दारानं नाही, गाडीतनं नाही. खांद्यावर पोतं घेऊन, भर दुपारी, या बाजाराच्या रस्त्यानं. आणि कुणी विचारलं, मालक, हे काय नेताय, तर थांबायचं, पोतं खाली ठेवायचं आणि मोठ्यानं सांगायचं, भावाकडून चोरलेलं परत द्यायला चाललोय."