तळाच्या बराकीचं दार

डॅन्यूबकाठच्या आमच्या तुरुंगात लोकपालांची माणसं तपासणीला येणार म्हटल्यावर अधीक्षक बोयानोव्ह यांनी वरच्या मजल्याला घाईघाईनं रंग काढायला लावला. तळाच्या बराकीला मात्र भलंमोठं कुलूप घातलं. आत भिंतींना ओल, गाद्यांत ढेकूण आणि खोकणारे कैदी. तिथला पहारेकरी रादको स्वतःही थंडी सुरू झाल्यापासून खोकत होता. एवढ्या माणसांवर तो एकटाच. रजा मागितली की "आधी तुझ्या जागी माणूस आणून दे" हे ठरलेलं उत्तर.

"ते कोठार आहे म्हणायचं," अधीक्षकांनी त्याला बजावलं. "निवृत्ती जवळ आलीय तुझी, शहाण्यासारखा वाग."

तपासणीच्या प्रमुख एलित्साबाई वरचा मजला पाहून खाली आल्या आणि जिन्याशी थबकल्या. दारामागून खोकल्याची ढास ऐकू येत होती.

"इथे काय आहे?"

"कोठार, मॅडम. जुन्या गाद्या," अधीक्षक म्हणाले.

"गाद्या खोकतात वाटतं तुमच्याकडे?" बाई रादकोकडे वळल्या. "किल्ली कुणाकडे असते?"

अधीक्षक त्याच्यावर डोळे रोखून होते. तेवढ्यात आतून म्हाताऱ्या अस्पारुखची हाक आली, "रादको, पाणी दे रे, बाळा!" दारूच्या नशेत सख्ख्या भावाचा जीव घेतलेला हा माणूस. रादकोनं कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं.

बाईंनी कैद्यांना त्यांच्या तक्रारी विचारल्या. अस्पारुख म्हणाला, "आम्ही गुन्हेगार आहोत, बाई. पण ह्यानं काय गुन्हा केलाय? आमच्यासोबत हाही सडतोय."

वसंत लागेपर्यंत बराक कायमची बंद झाली. कैद्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाच्या तुरुंगात हलवलं. रादकोला क्षय निघाला. अधीक्षकांची चौकशी अजून चालूच आहे; खुर्ची तीच.

इस्पितळाच्या गाडीची वाट पाहत रादको फाटकाशी उभा होता, तेव्हा अस्पारुखची बायको स्तोयना भाजलेल्या मिरच्यांची बरणी घेऊन भेटीला आली.

"कुठे नेलंत त्याला?"

"पार दक्षिणेला, मावशी. तिथे कोरड्या खोल्या आहेत."

"कोरड्या! आणि मी तिथवर जाऊ कशी? हे गुडघे बघ माझे."

"इथे मेला असता गं तो."

"मेला असता, तर माझ्या डोळ्यांसमोर तरी मेला असता. तूच उघडलंस ना ते दार?"

रादकोनं होकारार्थी मान हलवली. मग तिनं बरणी त्याच्या हातात कोंबली. "घे. वाळलायस नुसता."

ती पाय ओढत बसथांब्याकडे निघाली. माफी मागावी असं रादकोच्या मनात आलं. पण दार उघडलं ते चुकलं, असं काही केल्या त्याला वाटेना. बरणी छातीशी धरून तो नुसता उभा राहिला.