समुद्राचा कायदा आणि पिंप्राळ्याची खाट

मित्रांनो, समुद्र मी कधी पाहिलेला नाही. जळगावच्या पिंप्राळ्यात, एका दुमजली घराच्या गच्चीवर पडून असलेल्या जुन्या खाटेला तो दिसणार तरी कुठून? पण समुद्राचा कायदा मला तोंडपाठ आहे, कारण एकदा तो माझ्याच पायांभोवती खडूने आखला गेला होता.

माझा जन्म जवळच्या असोदा गावचा. आधार नावाच्या सुतारांनी माझे बाभळीचे पाय तासले. ज्यांनी मला विकत घेतलं, त्यांनी माझे सुटे भाग वर नेऊन मला गच्चीवरच जोडलं आणि अंबाडीच्या दोरीने विणलं. पुढे त्यांची पाचोऱ्याला बदली झाली, तेव्हा कळलं की अख्खी खाट जिन्याच्या वळणातून उतरत नाही. मला मोडायला कुणाचा हात धजेना. ते गेले, मी राहिले आणि घरातल्या सगळ्या बिऱ्हाडांची झाले.

ते माझे वैभवाचे दिवस. चैत्र लागला की माझ्यावर ओलं धोतर अंथरायचं आणि त्यावर बिबड्या थापायच्या. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. भिजवलेली ज्वारी कांडून, तिखट, लसूण, तीळ घालून तिचा घाटा शिजवतात आणि गरम आहे तोवरच थापतात. थंड झाला की संपलं, मग तो म्हशीपुढेच ठेवायचा. माझ्यावर वाळलेली बिबडी कधी तडकत नाही, असा माझा लौकिक होता. त्या कौतुकाने मी जरा जास्तच करकरत असे.

गच्चीवर दोन दारं उघडत, एक झुंबरबाईंचं आणि एक वच्छलाबाईंचं. तळमजल्यावरच्या मागल्या अंधाऱ्या खोलीत भागाबाई राहत. नवरा गेल्यापासून त्या लोकांच्या बिबड्या करून देत. उन्हाळ्यातल्या त्या कमाईवरच त्यांचं वर्षभराचं पोट, आणि त्यांच्या नशिबी ऊन असलेली जागा एकच, ही गच्ची. पण झुंबरबाईंच्या मिरच्या रोज वीतभर पुढे सरकत आणि वच्छलाबाईंच्या कुरडया त्यांना आडव्या येत. भांडणाचा आवाज खालच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाई.

झुंबरबाईंचा मुलगा पंडित वकिलीचा अभ्यास करत होता. ब्याऐंशीच्या डिसेंबरात जगातल्या देशांनी समुद्राबद्दल मोठा करार केला, आणि त्र्याऐंशीच्या चैत्रात पंडितने तो आमच्या गच्चीवर आणला.

"हे बघ माय," तो खडू घेऊन म्हणाला, "ज्याला किनारा आहे त्याची किनाऱ्याजवळ हद्द. त्यापुढे खूप दूर गेलं की समुद्र कुणा एकाचा नाही. तो सगळ्यांचा. त्याच्या तळाशी जे सापडेल तेही सगळ्यांचं."

त्याने दोन्ही दारांपासून सारख्या विती मोजून रेघा मारल्या. मी मधोमध, भर समुद्रात.

"समुद्रमा बिबड्या वाळतस का रे?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"तुन्हा बापनी कधी समुद्र देखा नही," झुंबरबाई लेकाला म्हणाल्या, "आन तू मायले हद दखाडस!"

चार दिवस शांततेत गेले. तेवढ्या दिवसांत झुंबरबाईंच्या डोक्यात काहीतरी शिजलं होतं. हद्द किनाऱ्यापासून मोजतात ना? एके सकाळी त्यांनी मसाल्याचा पाटा ओढत आणून रेघेपलीकडे, जिन्याच्या तोंडाशी ठेवला.

"हाऊ मन्हा बेट शे. आते आठून मोज, हाई पाटापासून."

पंडितला हसू आवरेना. "माय, ज्या खडकावर माणूस राहू शकत नाही, त्याला एवढी मोठी हद्द मिळत नाही. तसं कलमच आहे."

"बस, इतलंच?" झुंबरबाईंनी पदर खोचला आणि त्या पाट्यावर बसल्या. "ले, मी राहस आठे."

ते बघून वच्छलाबाईंनी आपल्या रेघेपलीकडे घमेलं पालथं घातलं आणि त्याही बसल्या. दोघींच्या हातात वारा घ्यायचे विंझणे. दोन बेटांच्या हद्दी एकमेकींना भिडल्या आणि सगळ्यांचा म्हणून जो समुद्र होता, तो माझ्या पायांखालून नाहीसा झाला.

नेमक्या त्याच वेळी भागाबाई वाफाळतं पातेलं घेऊन जिना चढून आल्या. जिन्याच्या तोंडाशीच झुंबरबाईंचं बेट.

"सरका वं अक्का, घाटा थंडा व्हयी जाई."

"कोठे सरकू? हाई मन्ही हद शे. तुन्हा दारले किनारा शे का?"

भागाबाईंनी फडक्यात पातेलं सावरलं. ज्वारी गिऱ्हाइकाची होती. ती वाया गेली असती, तर पुन्हा त्यांच्या दारी ज्वारी कोण टाकणार? त्यांनी पंडितकडे पाहिलं.

"पंडित भाऊ, तुम्हना कायदामा बिनकिनाराना देश काय करतस? उपाशी मरतस?"

पंडितला उत्तर येत होतं. आदल्याच आठवड्यात त्याने माझ्याभोवती फेऱ्या मारत ते पाठ केलं होतं. पण समोर माय बसलेली! त्याने आभाळाकडे पाहिलं, स्वतःच्या पायांच्या बोटांकडे पाहिलं, मग म्हणाला, "किनारा नसलेल्या देशालाही समुद्राचा हक्क असतो. आणि तिथं जायला शेजाऱ्यानं वाट द्यायची असते."

"असा कायदा कोनी करा?" झुंबरबाई कडाडल्या. "त्यासले माय नव्हती का?"

कायदा सांगून झाला, पण बेट काही हललं नाही. पातेल्यातली वाफ विरळ होत चालली. शेवटी पंडित पुढे झाला, "आणा इकडे, भागाबाई," म्हणाला आणि उघड्या हातांनी त्याने पातेल्याचा काठ धरला.

मित्रांनो, वकिलीत पातेलं धरायला शिकवत नाहीत. त्याच्या किंकाळीने कबुतरं उडाली. भागाबाईंनी फडक्याने पातेलं घट्ट धरलेलं होतं म्हणून घाटा वाचला.

"माय वं! मन्हा लेकरूना हात!" झुंबरबाई विंझणा फेकून उठल्या आणि लेकाला ओढत माठाकडे धावल्या. बेटावर माणूस उरला नाही. भागाबाई मोकळ्या वाटेने पुढे आल्या, माझ्यावर धोतर पसरलं आणि पहिली बिबडी थापली. केवढा तो चटका! पण इतका हवाहवासा चटका मला पुन्हा बसला नाही.

आमच्याकडची रीत अशी, की समोर असेल त्याला वाटीभर घाटा तेल घालून द्यायचा, आणि ज्याने खाल्ला त्याने थापायला हात लावायचा. भागाबाईंनी पहिली वाटी वच्छलाबाईंपुढे धरली. लसणाचा वास आला आणि दुसरं बेटही ओस पडलं. लेकाचा हात गार पाण्यात बुडवून झुंबरबाई परतल्या, तेव्हा भागाबाईंनी त्यांच्यापुढेही वाटी धरली. झुंबरबाईंनी पदराला हात पुसून वाटी घेतली. मग खाल्लं, म्हणाल्या, "तीळ कमी शेतस," आणि थापायला बसल्या. धोतराचं पाणी ठिबकून खडूच्या रेघा केव्हा पुसल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतर पाटा कधी जिन्याच्या तोंडाशी आला नाही.

चौऱ्याण्णव साली तो करार जगात लागू झाला म्हणे. तोवर पंडित काळा कोट घालू लागला होता आणि बिबड्या पिशवीतून विकत मिळू लागल्या होत्या. आता माझ्यावर मोडका कूलर आणि फुटक्या कुंड्या असतात. दोऱ्या सैल पडल्या आहेत. विचारलं तर जो तो म्हणतो, खाट आमची नाही. खरंच आहे. जे सगळ्यांचं असतं ते वापरायला सगळे येतात, पण ओढून बांधायला कुणी येत नाही.

म्हणून मित्रांनो, माझ्यावर बसा, झोपा, हव्या तर उड्या मारा. फक्त उठताना एखादी सैल दोरी ताणून जा. आणि जिन्यात कुणी गरम पातेलं घेऊन उभं असेल, तर कायदा नंतर वाचा. आधी सरका.