दुखण्याचा आकडा

डेरिक एंटविसलला कुणी "कसं काय?" विचारलं की तो म्हणायचा, "तसं बरं आहे." सप्टेंबरात बायको ब्रेंडा वारली, त्या दिवशीसुद्धा शेजारच्या रॉयला त्याने हेच सांगितलं होतं. इंग्लंडच्या लँकेशर भागातल्या त्या गावात सगळ्यांचीच ही रीत. घराचं छप्पर उडालं तरी लोक म्हणतील, आज जरा वारा आहे. पाय मोडून घेतलेला माणूस दवाखान्यात शिरताना आधी डॉक्टरांची माफी मागतो, तुमचा वेळ घेतोय म्हणून.

आता डेरिकचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जाईना. केस विंचरणं त्याने सोडलं आणि टोपी घालायला लागला. एवढ्याने काही अडलं नसतं. पण छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून, नऊ वर्षं, तो प्राथमिक शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देत होता. अंगात पिवळा झगा, एका हातात लांब दांडीची 'थांबा'ची गोल पाटी आणि दुसरा हात गाड्यांपुढे आडवा पसरलेला. सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास. ब्रेंडा गेल्यावर दिवसभरात त्याच्याशी कुणी बोलायचं ते एवढ्याच वेळात. मार्चमध्ये नगरपालिकेच्या बाई तपासणीला यायच्या होत्या. दोन्ही हात नीट चालले नाहीत तर झगा परत द्यावा लागणार होता.

"फिजिओथेरपी घे," रॉय म्हणाला. "आता डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. कॉम्प्युटरवर अर्ज असतो. आपलं आपण नाव द्यायचं."

"म्हणजे मला दुखतंय हे मीच सांगायचं?"

"मग कोण सांगणार, पोस्टमन?"

रॉय हसला, पण डेरिकला प्रश्न खरंच पडला होता. पंचेचाळीस वर्षं त्यांच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. डॉक्टरांपुढे डेरिक म्हणायचा, ठीक आहे. मग शेजारच्या खुर्चीतून ब्रेंडा म्हणायची, "काही ठीक नाही, डॉक्टर. काल जिना बसत बसत उतरलाय हा." डॉक्टर डेरिककडे बघून मान हलवायचे आणि ब्रेंडाचं म्हणणं लिहून घ्यायचे. असे त्याचे दोन हर्निया आणि एक न्यूमोनिया पार पडले होते.

डेरिकने अर्ज उघडला. दुखणं शून्य ते दहामध्ये किती? त्याने तीन लिहिले. दहा म्हणजे काय असतं ते त्याने उन्हाळाभर वरच्या खोलीत ब्रेंडाच्या उशाशी पाहिलं होतं. झोप लागते का? कधीकधी. कपडे घालता येतात का? वेळ लागतो. काम जमतं का? जमवून घेतो. शेवटी, आणखी काही सांगायचं आहे का? त्याने लिहिलं, "माझ्यापेक्षा गरजू लोक बरेच असतील. तसदीबद्दल क्षमस्व."

कॉम्प्युटरपुढे शेजारच्या खुर्चीत काही ब्रेंडा नव्हती. त्याने डेरिकच्या शब्दावर विश्वास ठेवला. मिनिटभरात उत्तर आलं. तुमचा त्रास सौम्य आहे, अभिनंदन. सोबतचे व्यायाम करा, आणि भेट हवीच असेल तर वीस आठवडे थांबा. व्यायामाच्या चित्रातली तरुण बाई भिंतीवरून बोटं चालवत वर नेत होती आणि हसत होती. डेरिकनेही रोज बोटं चालवली. ती दिव्याच्या बटणापर्यंत जायची आणि तिथून परत यायची.

"तीन?" रॉयने कपाळाला हात लावला. "अरे, माझ्या मांजरालासुद्धा तीन असतं. मी गुडघ्याला नऊ लिहिले होते."

"तू शनिवारी क्लबात नाचत होतास."

"मग? नऊ लिहिले म्हणून बोलावलं, बोलावलं म्हणून नाचतोय."

"मला नाही जमत असं."

"तुला कधीच जमलं नाही. ब्रेंडा असती तर तिने..." रॉय थांबला. चहा बराच गरम असल्यासारखा तो कपावर फुंकर घालत बसला. चहा केव्हाच निवला होता.

तो गेल्यावर डेरिकने पुन्हा नवा अर्ज उघडला. पहिलाच प्रश्न होता, अर्ज स्वतःसाठी भरताय की दुसऱ्याच्या वतीने? मागच्या वेळी त्याने हा प्रश्न नीट वाचलाच नव्हता. त्याने दुसऱ्या चौकटीत खूण केली. भरणाऱ्याचं नाव, ब्रेंडा एंटविसल. नातं, पत्नी.

मग बोटं थांबेनात. दुखणं आठ. तो तीन म्हणेल, ऐकू नका. झोप? खुर्चीत बसून काढतो. कपडे? दोन महिने एकच स्वेटर घालतोय, कारण पुढे बटणं असलेला तेवढाच आहे. काम? पोरं रस्त्याच्या मधोमध असतात आणि याचा हात कमरेपाशी. सुरुवात कशाने झाली?

इथे तो जरा थांबला. मग लिहिलं, "मला टबातून उचलताना. सात महिने एकटाच उचलत होता. नर्स बोलावू म्हटलं तर म्हणायचा, जमतंय."

क्षमस्व न लिहिता त्याने अर्ज पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेवरून घरी आला तेव्हा फोन वाजत होता. पलीकडे केली नावाची फिजिओथेरपिस्ट होती. आवाजावरून पोरगीच वाटत होती.

"मिसेस एंटविसल आहेत का?"

"आत्ता नाहीये ती."

"कधी येतील?"

"यायची नाही. सप्टेंबरात वारली."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. "मग हा अर्ज?"

"मीच भरला. चुकलं माझं, पोरी. तुझा वेळ गेला. पहिला अर्ज आहे ना, तोच राहू दे."

"पहिल्यात तीन आहेत. यात आठ."

"हो."

"मला एकच ठेवता येतो, मिस्टर एंटविसल. कुठला ठेवू?"

डेरिकने सवयीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. अशा वेळी दुसरं कुणीतरी बोलायचं. खुर्ची रिकामी होती.

"दुसरा," तो म्हणाला.

"हात किती वर जातो?"

"तसा जातो... नाही. जात नाही."

"आणि रस्त्यावर कसं जमतं?"

हे विचारायला नको होतं तिने. "आज एक पोरगी पुढे धावली. मला हात आडवा घालता आला नाही. गाडीवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं."

"मग खांदा बरा होईपर्यंत तुम्ही तिथे उभे राहू नका. तसं मला लिहून द्यावं लागेल. तपासणी पुढे ढकला असंही लिहीन. ते ऐकतील की नाही, मी सांगू शकत नाही. गुरुवारी सकाळी साडेआठला या."

"साडेआठला पोरं..." डेरिक म्हणाला आणि थांबला. "येतो."

फोन ठेवला आणि लगेच, विचार बदलायच्या आत, त्याने शाळेच्या कचेरीत लावला. मिसेस प्लॅटनी उचलला.

"आज दुपारपासून दुसरं कुणीतरी बघा. मला हात उचलता येत नाही."

"अरे बापरे. फार दुखतंय का?"

"फार. आणि मला परत यायचंय. माझी जागा कुणाला देऊन टाकू नका."

मिसेस प्लॅट बावीस वर्षं त्या टेबलाशी बसून हाच प्रश्न विचारत होत्या. कुणी "फार" म्हटलं तर पुढे काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"बघते मी," त्या म्हणाल्या. "आज हवा मात्र बरी आहे, नाही?"

"मिसेस प्लॅट," डेरिक म्हणाला, "जागेचं लिहून घ्या."

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला. त्या पेन शोधत होत्या.