सतराव्या पानावरची तारीख

शिक्का आयताकृती होता, साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब. त्याचा डावीकडचा खालचा कोपरा उमटलाच नव्हता. मारणाऱ्याचा हात उजवीकडे कलला असावा. निळी शाई कागदाच्या तंतूंत किंचित पसरली होती, पण मधली तारीख स्वच्छ होती. रीतानं पासपोर्ट खिडकीच्या उजेडात तिरपा धरला आणि तारीख पुन्हा वाचली. प्रयोगशाळेत एखादा आकडा विचित्र आला की ती नमुना दुसऱ्यांदा लावायची. एकाच वाचनावर विसंबायचं नाही, ही तिची बारा वर्षांची सवय होती. दुसऱ्या वाचनातही तारीख तीच आली. चार नोव्हेंबर दोन हजार सहा. हैदराबाद. आगमन.

"बोल ना ताई, पुढचं," लॅपटॉपवरून मान न उचलता धीरज म्हणाला.

डिसेंबर २००८ मधला शनिवार होता. कारंजाच्या हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आणि दुकानामागे तीन खोल्यांचं घर. दुकान आता चुलतभाऊ धर्मेंद्र बघत होता. घरात फक्त आई, शोभाबाई. रीता सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथंच एक खोली भाड्यानं घेऊन राहायची आणि दर शनिवारी सकाळी आर्वीवरून येणाऱ्या एसटीनं घरी यायची. आजही तशीच आली होती. फरक इतकाच की तीन वर्षांनी धीरज घरी होता. अमेरिकेहून गुरुवारी आला होता, आणि त्याच्या बॅगेच्या मुठीला विमान कंपन्यांच्या कागदी पट्ट्यांचा झुपका लोंबत होता. तो शोभाबाई कापू देत नव्हत्या.

सकाळपासून धीरजच्या तोंडी एकच विषय होता.

"महिन्यातून सहा वेळा विमानात बसतो मी," तो आईला समजावत होता. "अर्धं आयुष्य रांगेत चाललं. बूट काढा, पट्टा काढा, हात वर करा. आता विमान कंपनीचं गोल्ड कार्ड झालं, तं झडतीची रांग वेगळी भेटते. पण बाहेरच्या देशातून परत आलं का पासपोर्टची रांग राह्यतेच. दीड दीड घंटा. त्याच्यासाठी तिथल्या सरकारनं नवीन काढलं आता. आपण आधीच आपली सगळी माहिती द्याची. ते तपासतात, मुलाखत घेतात, बोटांचे ठसे घेतात. मंग मशीनवर बोटं ठेवली का माणूस बाहेर."

"टोलनाक्यावरून आमदाराची गाडी जाते तसं?" शोभाबाईंनी विचारलं. त्या चटईवर बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"तसंच. फक्त आमदार व्हाव नाई लागत."

"अन् त्याहिले कसं समजते, हा माणूस चांगला आहे म्हणून?"

"आपणच सांगतो ना सगळं. कुठं राह्यलो, कुठं काम केलं, पाच वर्षांत कोणत्या कोणत्या देशात गेलतो. काही लपवलं अन् त्याहिले सापडलं, का ती सवलत कायमची गेली. भरोशाचा प्रवासी म्हणतात त्याले."

"माह्या पोराले कोणी म्हटलं नाई तरी आहेच तो भरोशाचा," शोभाबाई म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर त्यानं पासपोर्ट रीताच्या हातात दिला होता. फॉर्मला नुसती देशांची नावं पुरत होती, पण मुलाखतीत तारखा विचारतात असं त्याच्या मित्रानं सांगितलं होतं, म्हणून त्याला सगळ्या प्रवासांची यादी करायची होती. "तू वाच ताई, मी टाइप करतो. तुझ्याकडून चूक होत नाई," तो म्हणाला होता. रीताला ते आवडलं होतं. लहानपणी ती त्याला असेच पाढे म्हणून दाखवायची आणि तो पाटीवर उतरवायचा.

तिनं सोळा पानं वाचली. टोरांटो, लंडन, पुन्हा टोरांटो, सिंगापूर. मग सतरावं पान आलं.

त्या नोव्हेंबरात त्यांचे वडील, पुंडलिकराव, सेवाग्रामच्या दवाखान्यात होते. दोन तारखेला भरती केलं, बारा तारखेच्या पहाटे ते गेले. मूत्रपिंडं थांबत आली होती. त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन रीता स्वतः तपासायची, दुसऱ्या कोणाला ती हात लावू देत नसे. चार पॉईंट एक, पाच पॉईंट आठ, सात पॉईंट दोन. कागदावर आकडा लिहून ती जिना उतरायची, वॉर्डात जायची, आणि वडील विचारायचे, धीरज निघाला का.

धीरज निघू शकत नव्हता. त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद नुकतेच दाखल झाले होते. या वेळी देशाबाहेर पडलो तर परत आत घेणार नाहीत, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. तो रोज फोन करायचा, प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या फोनवर. एरवी त्याच्या फोनमध्ये एक बोलणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची पोकळी असायची, आणि दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळायची. त्या दिवसांत ती पोकळी नव्हती. रीताच्या ते लक्षात आलं होतं. "लाईन चांगली आहे आज," असं ती म्हणालीही होती. "फोनचं नवीन कार्ड घेतलं ताई," तो म्हणाला होता. तिनं तो खुलासा मान्य केला होता. दुसऱ्यांदा तपासून बघावं असं त्यात काही वाटलं नव्हतं.

अग्नी धर्मेंद्रनं दिला. तेरवीलाही धीरज नव्हता.

आणि पुण्याचं पत्र त्याच महिन्यात आलं होतं. नागपूरच्या विद्यापीठात तिला शिकवणाऱ्या बाई आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत विभागप्रमुख होत्या. विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम करणारा माणूस हवा होता. रीताला त्याहून वेगळं काही कधी नकोच होतं. पण आई एकटी पडली होती. "माझे हात बांधलेले आहेत ताई," धीरज तेव्हा म्हणाला होता. "तुझ्यावरच आहे सगळं." हात बांधलेल्या माणसाशी भांडायचं कसं. तिनं बाईंना नाही कळवलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा विचार करते म्हणाली. आता तिसऱ्यांदा पत्र आलं होतं, एक फेब्रुवारीला रुजू होण्याचं, आणि या वेळी बाईंनी खाली पेननं लिहिलं होतं की सोमवार, बावीस डिसेंबरपर्यंत कळव, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. आज वीस तारीख होती. आईला तिनं पत्र दाखवलं होतं. आई "पाहू" म्हणाली होती. दोन वर्षं ती "पाहू"च म्हणत होती.

रीतानं पान उलटलं नाही. आधीच्या सगळ्या तारखा वाचल्या होत्या त्याच आवाजात तिनं वाचलं, "चार नोव्हेंबर दोन हजार सहा. आगमन, हैदराबाद."

धीरजची बोटं दोन अक्षरं टाइप करून थांबली. चटईवर एक शेंग फुटल्याचा बारीक आवाज आला, आणि मग पुढची फुटली नाही.

"चौदा नोव्हेंबर," रीता म्हणाली. "प्रस्थान. हैदराबाद."

बाहेर हायवेवर एक ट्रक गिअर बदलत चढावर गेला. धीरजच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं, आणि रीताला तेच जास्त लागलं. तो विसरला होता. इतके शिक्के गोळा केले होते त्यानं, की त्यातला हा एक कोणता होता हे लक्षात न राहता त्यानं पासपोर्ट तिच्या हातात ठेवला होता.

"ताई, ते कंपनीचं काम होतं," तो म्हणाला. "अमेरिकेतला गिऱ्हाईक सोबत होता. कंपनीनंच परवानगीचे कागद करून पाठवलं होतं, दहा दिवसांसाठी. माह्या कार्डाची फाईल त्याच लोकांच्या हातात होती."

"हैदराबादले रात्री गाडीत बसलं का सकाळी सेवाग्राम येते."

"माहीत आहे मले."

"मी रोज पाह्यतो ती गाडी," रीता म्हणाली. "तुले माहीत आहे का, ती किती वाजता येते?"

"माहीत आहे ताई. दोन वेळा तिकीट काढलतं मी."

"मंग?"

धीरजनं लॅपटॉप अर्धा मिटला. "भ्यालो," तो म्हणाला. "बाबाले तसं पाह्यचं नव्हतं मले. अन् आलो असतो तं परत निघालो नसतो. मंग वाटलं, तू आहेस."

रीतानं आईकडे पाहिलं. शोभाबाईंच्या पदरात शेंगांची टरफलं तशीच होती. त्यांनी धीरजकडे पाहिलं नव्हतं, काही विचारलंही नव्हतं. ज्या बाईला आपला मुलगा नवऱ्याच्या मरणाच्या वेळी एका रात्रीच्या अंतरावर होता हे आत्ता कळलं, ती अशी बसत नाही. रीताला हे जितक्या शांतपणे समजलं, तितक्याच शांतपणे तिनं विचारलं.

"आई, तुले माहीत होतं?"

शोभाबाई टरफलं गोळा करायला लागल्या.

"आई."

"तुह्या घरमालकाच्या फोनवर बोलला होता तो," शोभाबाई म्हणाल्या. त्या दिवसांत त्या रीताच्या खोलीवर राहत होत्या. "येऊ का म्हणे. मीच म्हटलं, राहू दे. रीता आहे इथं. तिथं त्याचे कागद अडले असते तं? डॉक्टरबी म्हणत होते, निघून जाईन हे दुखणं. मले का माहीत होतं, दहा दिवसांतच…"

"मी तुले आकडे सांगत होतो रोज," रीता म्हणाली. "चढून राह्यले म्हणून."

"मले आकडे काय समजतात माय."

"अन् बाबा गेले, त्या दिवशी? त्या दिवशी तरी?"

"त्या दिवशी कसं बोलवाव? तुले काय सांगाव, हा कुठून उगवला म्हणून?" शोभाबाईंचा आवाज चिडका झाला. "तू अशीच उभी राह्यली असती, अशीच तारखा इचारत. दोन वर्षं झाले, दर शनिवारी वाटे आज सांगून टाकू. तू थकून येस. राहून जाय."

"बाबा रोज सकाळी विचारत," रीता म्हणाली. "धीरज निघाला का. मी सांगे, नाई निघू शकत बाबा, त्याले परत आत घेणार नाईत. नऊ सकाळी सांगतलं मी. ते म्हणत, बरं. एकदा म्हणाले, त्याले म्हणाव, जिवाले लावून घेऊ नको."

धीरज रडत होता. आवाज न करता, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून. रीताला त्याच्याजवळ जावंसं वाटलं नाही, आणि तसं वाटत नाही हे तिला थोडं चमत्कारिक वाटलं. तो पाच वर्षांचा असताना पडला की आधी तिच्याकडे यायचा.

वडिलांशी ती खोटं बोलली होती, आणि ते खोटं तिच्या तोंडात या दोघांनी ठेवलं होतं. पण त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती आता हळूहळू वर येत होती. दोघांनी एकच वाक्य म्हटलं होतं. वेगवेगळ्या वेळी, न ठरवता. तू आहेस. रीता आहे. त्या दोन शब्दांवर त्यांनी अकरा दिवस काढले होते, आणि मग दोन वर्षं. तिच्या पत्राला "पाहू" म्हणणं त्यातच आलं.

"मी भाजी टाकतो," शोभाबाई उठत म्हणाल्या. "तुरीच्या सोल्यांची. तुले आवडते."

"थांब आई. यादी राह्यली आहे."

"राहू दे ताई," धीरज म्हणाला. "मी करीन नंतर."

"उघड ते."

त्यानं लॅपटॉप उघडला. रीतानं पुन्हा पासपोर्ट खिडकीकडे धरला.

"हे टाकायचं का नाई?" त्यानं खाली मान घालून विचारलं. "भारत तर तसाही येईन यादीत, आताच्या येण्याचा."

"टाक. त्याहिले सगळं सांगाव लागते म्हणे ना."

त्यानं टाइप केलं. ती पुढं वाचत गेली. लंडन, फ्रँकफर्ट, मेक्सिको, पुन्हा लंडन. कुठं आकडा पुसट असला तर ती थांबून खात्री करायची आणि मगच सांगायची. एकदा धीरजनं सातच्या ठिकाणी एक टाइप केला, तो तिनं दुरुस्त करायला लावला. सव्वीस पानं झाली. शेवटी परवाचा मुंबईचा शिक्का होता. त्याची शाई अजून गडद होती. तोही तिनं वाचला, आणि पासपोर्ट मिटून त्याच्या लॅपटॉपशेजारी ठेवला.

शोभाबाई तोवर दारातच उभ्या होत्या, हातात सोल्यांचं भांडं घेऊन. त्यांना वाटलं असावं की आता झालं, वादळ आलं तसं गेलं. रीता कधी भांडून उठून गेली नव्हती. रागावली तर जास्त काम करायची, इतकंच.

"पुढच्या शनिवारी जरा लवकर येजो," त्या म्हणाल्या. "धीरज रविवारी निघणार आहे. त्याच्यासोबत काही बांधून द्याव लागीन. अन् ते गॅसच्या कार्डाचंबी काम आहे तहसीलमध्ये, ते परवा सोमवारी सुटी टाकून करून टाकजो."

"सोमवारी मले दुसरं काम आहे," रीता म्हणाली.

"कायचं?"

धीरजनं मान वर केली. रीतानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. दोन वर्षांत हे वाक्य तिनं एसटीच्या खिडकीशी, प्रयोगशाळेतल्या सेंट्रीफ्यूज यंत्राच्या घरघरीत, अंघोळ करताना, मनात कितीदा तरी जुळवून पाहिलं होतं, आणि दर वेळी त्याच्यामागे "पण" जोडलेलं असायचं. आता ते "पण" शोधूनही सापडलं नाही.

"पुण्याले हो म्हणून कळवाचं आहे," ती म्हणाली. "एक फेब्रुवारीपासून मी तिथं राहणार आहे."