‘रिकामा’ म्हणायचं

आमच्या बंदरावर ‘खाली’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. रेल्वेचा कोळशाचा डबा जहाजात ओतून झाला, की ‘रिकामा’ अशी आरोळी द्यायची, असा नियम आहे. यंदा वरची खाण बंद पडली, कोळशाची गाडी थांबली, तरी लोकांच्या तोंडचा नियम काही सुटलेला नाही.

कंपनीने आता रेल्वेचा आणि बंदराचा इतिहास लिहायला घेतलाय. कामावर मेलेल्यांच्या नावांची पाटी धक्क्यावर बसणार आहे. जिवंतपणी ज्यांना अंगाला लावायला धड साबण दिला नाही, त्यांना आता संगमरवर. माझ्या काकांचं नाव मात्र त्यात नाही. ते डब्यात झोपले होते, चूक त्यांचीच, असं चौकशीत ठरलं होतं. त्यांच्या मुलाला शाळेत ‘झोपाळूचा पोरगा’ म्हणून इतकं चिडवलं, की पंख फुटताच तो गाव सोडून गेला. काकू आमच्याकडेच राहते. पाटीवर नाव आलं तर पोरगा परत येईल, या एका आशेवर तिचा जीव अडकलाय.

इतिहास लिहिणारे गृहस्थ घरी आले. त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं; काकू ओट्याशी भाजी धूत होती. बाबा डबे उलटवण्याच्या यंत्रावर होते, त्यामुळे त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ. पणजोबांनी डोंगर फोडून रूळ कसे टाकले, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळे कसे निघत, सगळं रंगवून झालं. मग गृहस्थांनी सहज विचारलं, “बाकीच्या बंदरांवर सगळे ‘खाली’ म्हणतात. तुम्हीच ‘रिकामा’ का?”

बाबांचा चेहरा उतरला. ते कपाकडे बघत बोलू लागले.

“ओला कोळसा डब्याच्या तळाला चिकटतो. धाकटा आत उतरून तो खरवडत होता. मला यंत्राच्या खोलीतून डबा दिसत नाही. डब्याजवळ उभं राहून इशारा देणाऱ्या शिट्टीवाल्याला विचारलं, झालं का? तो म्हणाला, खाली आहे. म्हणजे धाकटा अजून खाली, तळाशी आहे. मला वाटलं, डबा खाली आहे, म्हणजे रिकामा. राहिलेला चुरा झटकायला मी तो पुन्हा उलटवला.”

“मग झोपले होते ते?” मी विचारलं.

“साहेब म्हणाले, झोपला होता म्हण, नाहीतर तू आत जाशील. मी म्हटलं तसं.”

मला बाबांचा एवढा राग आला, की मी समोरचा कप उचलून मोरीत आपटला. काकू रडली नाही. तिने ओले हात पुसले, मुलाला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन बाबांपुढे ठेवला.

“भाऊजी, त्याला सांगा. तुमच्या तोंडानं.”

बाबांनी अडखळत सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडून मुलाने विचारलं,

“म्हणजे माझे बाबा जागे होते?”

“जागा होता रे. काम करत होता.”

“मग डबा फिरायला लागला तेव्हा त्यांना कळलं असणार.”

काकूने फोनचा आवाज बारीक केला. इतकी वर्षं तिला निदान काका झोपेत गेले, एवढं तरी समाधान होतं.